अक्काच्या न्हाणीतला नळ

नळ उघडणे आणि नळ बंद करणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती दोन वेगळी कामे आहेत. जुना पितळी नळ डोळ्यांसमोर आणा. डोक्यावरची फुलीच्या आकाराची मूठ फिरवली की आतला दांडा वर सरकतो आणि दांड्याच्या टोकाची रबरी चकती, जिला आमच्याकडे वायसर म्हणतात, पाण्याच्या वाटेवरून उठते. उघडताना पाणी आपल्या बाजूने असते. तेही खालून चकतीला ढकलत असते. बंद करताना तेच पाणी विरुद्ध बाजूला जाते. चकती झिजलेली असेल, तर शेवटचा पाव फेरा केवळ बोटांच्या पकडीवर अवलंबून राहतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या न्हाणीतला नळ असा होता, आणि तिच्या बोटांत पकड उरली नव्हती.

अक्का कोडोलीत राहते. लग्न होऊन त्या घरात गेली आणि तिथलीच झाली. यजमान गेले, मुलगा नोकरीसाठी पुण्याला स्थिरावला, आणि ती मागे एकटी राहिली. राहिली म्हणण्यापेक्षा तिने तसे ठरवले. संधिवाताने तिची बोटे हळूहळू आत वळत गेली. मी कोल्हापुरात असते आणि एसटीने अधूनमधून तिच्याकडे जाते. तरीही बोटे किती वळली आहेत याचा मला अंदाज नव्हता, कारण प्रत्येक कामाची ती नवी रीत शोधून काढत असे आणि ती इतक्या सहजपणे वापरत असे की पाहणाऱ्याला ती जुनीच सवय वाटावी. पातेले ती दोन मनगटांत धरी. बरणीचे झाकण दाराच्या फटीत अडकवून बरणीच फिरवी. आंघोळीचा मग दांड्याचा होता. त्याचा दांडा मनगटात घालून ती पाणी घेई. नळासाठी लाटणे होते. फुलीच्या दोन फाट्यांमध्ये ते अडकवायचे आणि कोपराने लोटायचे. तरफेचा धडा मी आयुष्यभर फळ्यावर आकृत्या काढून शिकवला; इतकी सुबक आकृती काही माझ्या हातून उतरली नसेल.

पण लाटणे निसटू लागले. एकदा ते निसटून कोपर भिंतीवर आपटले, तेव्हापासून अक्काने शेजारच्या सुनेला हाक मारायला सुरुवात केली. इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. स्वयंपाकघरातले पाणी छपरावरच्या टाकीतून येते. न्हाणीतला नळ मात्र थेट पंचायतीच्या पाईपवर आहे. ते पाणी सकाळी येते आणि थोड्या वेळात जाते. त्याच वेळी शेजारणीलाही स्वतःची भांडी भरायची असतात. ती आपले उरकून येईपर्यंत पुष्कळदा पाणी गेलेले असे. स्वयंपाकघरातून कळशी उचलून आणणे त्या हातांना शक्य नव्हते. मग अक्काची आंघोळ दुसऱ्या दिवसावर जाई. हे तिने कोणालाही सांगितले नाही. शिमग्याला मुलगा आला, तेव्हा त्याने पाहिले की दुपार कलली तरी आई पारोशीच बसली आहे आणि आज अंगात कसर आहे असे सांगते आहे. अक्काला खोटे बोलता येत नाही. त्याने दोन प्रश्न विचारले आणि सगळे बाहेर आले.

माझा भाचा भला माणूस आहे. त्याने त्याच दिवशी गावातल्या प्लंबरला बोलावले. प्लंबरने नळाला हात लावला, भिंतीवर बोटांनी ठोकून पाहिले आणि सांगितले की आतला लोखंडी पाईप जुना आहे. नळ काढायला गेलो तर भिंतीतला कोपरा, म्हणजे पाईपचा वळणाचा जोड, मोडेल, मग भिंत फोडून सगळी नवी लाईन टाकावी लागेल. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. गंजलेले लोखंड कुठे तुटेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही. भाच्याने विचार केला: भिंत फोडायची, घर महिनाभर विस्कटायचे, आणि त्यानंतरही आई इथे एकटीच. त्यापेक्षा आईनेच पुण्याला यावे. चैत्राच्या यात्रेला येतो आणि जाताना तुला घेऊन जातो, असे सांगून तो गेला.

अक्काने मला फोन केला. ती रडली नाही की चिडली नाही. लेकाची बाजूच तिने आधी मांडली: त्याला तिकडे झोप लागत नाही, सून चांगली आहे, घर मोठे आहे. मग ती म्हणाली, "पर नळ वाईट हाय तर नळ बदला की. मला कशाला बदलून टाकताय?"

मी तिला म्हटले, की यात्रेच्या आधी येते.

आता मी नळदुरुस्तीच्या वाटेला कशी गेले, ते थोडक्यात सांगायला हवे. माझ्या घरातल्या बेसिनचा नळ ठिबकत होता आणि ज्यांना बोलवावे ते उद्या येतो म्हणत होते. एका सुट्टीच्या सकाळी मी टाकीखालची चावी बंद केली आणि तो नळ उघडून त्याचे भाग वर्तमानपत्रावर काढलेल्या क्रमाने मांडले. उलट क्रमाने लावले की नळ पुन्हा होतो, हे पाहून मला जो आनंद झाला तो गणित सुटल्याचा होता. त्यानंतर फ्लशची टाकी, शॉवर, बेसिनखालचा पाईप असे एकेक करत गेले. अवघड असे त्यात फारसे काही नाही. पाणी नियमाने वागते. आपणही नियमाने वागलो की भांडण होत नाही.

शाहूपुरीत नळांचे एक दुकान आहे. एका मुसलमान कुटुंबाकडे ते पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि सध्या गल्ल्यावर बसणाऱ्यांना सगळे चाचा म्हणतात. मी त्यांना सांगितले की नळ दाखवा, पण मला ते नुसते पाहायचे नाहीत. पिशवीतून मोठा रुमाल काढला, उजव्या हाताची बोटे आत वळवली आणि ती मूठ रुमालाने बांधून देण्याची विनंती केली. चाचांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले, पण काही न विचारता गाठ मारून दिली. मग मी काउंटरवर मांडलेला एकेक नळ त्या बांधलेल्या मुठीने फिरवू लागले. गोल चकचकीत मुठीचा नळ हातातून नुसता सटकला. छोट्या दांडीचा फिरला, पण त्याची कड मनगटाला टोचली. दुकानात आलेले दोघे-तिघे आपली खरेदी सोडून पाहत उभे राहिले.

"बाई, गिऱ्हाईक नळाची चमक बघतंय, न्हायतर वजन बघतंय," चाचा म्हणाले. "हात बांधून घेऊन बघणारं तुमीच पयलं."

मी बहिणीच्या बोटांविषयी सांगितले. चाचा उठले, आतल्या फळीवरून एक खोका घेऊन आले आणि त्यातून लांब दांड्याचा नळ काढला. दवाखान्यात हात धुताना डॉक्टर कोपराने उघडतात, त्या जातीचा. मी मुठीने ढकलला. पाव फेऱ्यात उघडला. कोपराने लोटला, बंद झाला. चाचांनी स्वतःचे कोपर लावून पाहिले, नळ पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला, आणि त्याच जातीचा दुसरा खोका काढून स्वतःच्या खुर्चीमागे ठेवला. घरी त्यांच्या अम्मींचे हातही आता थरथरतात, असे ते म्हणाले.

मग त्यांनी एका जुन्या नमुन्याचे पोट उघडून मला आतली करामत दाखवली. रबराची चकती तिथे नाहीच. चिनी मातीच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर बसलेल्या असतात, दोन्हींना भोके असतात. दांडी फिरवली की वरची चकती खालचीवर सरकते. भोकावर भोक आले की पाणी वाहते, भोक सरले की थांबते. पाण्याशी झुंज नाही, दाबणे नाही. त्या दोन चकत्या इतक्या सपाट असतात की ओल्या करून एकीवर एक ठेवल्या तर उचलताना चिकटून येतात. ज्या कोणी प्रथम हा विचार केला, त्याने रेटून धरण्याऐवजी सरकवून झाकण्याची युक्ती काढली. कितीतरी वेळ मी त्या चकत्या तळहातावर घेऊन उभी होते.

यात्रेच्या आदल्या दिवशी मी कोडोलीला पोहोचले. पिशवीत दोन पाईपपाने, छिन्नी, गंज सोडवणारे तेल, आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेप आणि दोन नळ होते. अक्काने पाने हातात घेऊन, म्हणजे मनगटांवर तोलून, पाहिले. "ह्ये घिऊन एसटीत बसलीस? कंडक्टरनं तिकीट लावलं असंल ह्येंचं," ती म्हणाली.

स्वयंपाकघरातला नळ आधी घेतला. तो टाकीच्या पाईपवर होता आणि टाकीची चावी फिरत होती, पाणी हवे तेव्हा बंद करता येत होते, म्हणून तिथे धोका कमी. सोप्यापासून सुरुवात करावी, हा वर्गातला नियम घरातही लागू पडतो. तो विनातक्रार निघाला आणि नवा बसला. अक्काने कोपराने दांडी लोटली, पाणी आले, परत लोटली, पाणी गेले. तिने हे इतक्या वेळा केले की टाकी रिकामी होईल म्हणून मला तिला थांबवावे लागले.

न्हाणीतल्या नळाभोवतीचा गिलावा मी छिन्नीने हळूहळू उकरला, भिंतीतला लोखंडी कोपरा उघडा केला आणि आट्यांच्या सांध्यावर तेल सोडले. तेलाला रात्रभर वेळ द्यावा लागतो. घराबाहेर पंचायतीच्या पाईपवरची चावी होती, पण ती केव्हाच गंजून जाम झाली होती. त्याची आम्हा दोघींना चिंता वाटली नाही. कोडोलीत कोणीच त्या चावीचा विचार करत नाही. सकाळचे पाणी येऊन गेले की पाईप दुसऱ्या दिवसापर्यंत कोरडा. काय खोलायचे ते तेवढ्यात खोला, ही तिथली रीत आहे. चावीऐवजी तिथे वेळच पाणी बंद करते.

दुसऱ्या दिवशी चैत्र पौर्णिमा. जोतिबाच्या डोंगराकडे जाणारे भाविक पहाटेपासून रस्त्याने चालले होते. उंच सासनकाठ्या, हलगी, गुलालाने माखलेली माणसे. अक्का दरवर्षी त्यांच्यासाठी दारात रांजण भरून ठेवते. सकाळचे पाणी आल्यावर शेजारच्या सुनेने रांजण भरून दिला आणि ती आपल्या घरी पाहुण्यांच्या स्वयंपाकाला गेली. पाणी गेले. जेवणे झाली. भाचा संध्याकाळपर्यंत पोहोचणार होता. आम्ही न्हाणीत गेलो.

जुन्या नळाच्या कामात दोन पाने लागतात आणि दोघांची कामे निराळी असतात. एक फिरवतो, दुसरा धरून ठेवतो. नळ फिरवताना भिंतीतला कोपराही फिरू लागला, तर तो आत कुठेतरी तुटतो. म्हणून कोपऱ्याला दुसऱ्या पान्याने जागच्या जागी अडवावे लागते. धरणाऱ्याला बोटांची गरज नसते, वजनाची असते. अक्का पाटावर बसली आणि तिने पान्याच्या दांड्यावर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आडवा टाकून सगळे अंग त्याच्यावर सोडले. मी फिरवणारा पाना लावला.

काही हलले नाही. मी जोर न वाढवता तोच जोर धरून ठेवला. घाईने दिलेला झटका लोखंड मोडतो. टिकवून धरलेला जोर गंज सोडवतो. अक्का मान खाली घालून बसली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग कडकन आवाज झाला.

आम्ही दोघी तशाच थांबलो. तो आवाज गंज सुटल्याचा होता की पाईप मोडल्याचा, हे ऐकून कळत नाही. मी पाना अगदी थोडा पुढे नेला. नळ फिरला, अक्काखालचा पाना जागेवरच होता. "सुटला," मी म्हणाले. अक्काने मान वर केली आणि नुसते हुश्श केले.

नळ हातात आला तेव्हा मला त्याचे वजन जाणवले. तो भरीव पितळेचा होता. वायसर झिजला होता, मूठ वाकडी झाली होती, पण आटे अजून इतके स्वच्छ होते की जणू काल कापले असावेत. एका घराची कित्येक वर्षांची आंघोळ त्याने निभावली होती. मी तो पुसून कोनाड्यात ठेवला. नव्या नळाच्या आट्यांवर टेप गुंडाळली. नळ ज्या दिशेने आवळायचा त्याच दिशेने टेप गुंडाळायची असते, नाहीतर आवळताना ती सुटून गोळा होते. दांडी उघडी की बंद, याचा मी विचारही केला नव्हता. एवढ्यात भिंतीतल्या उघड्या तोंडातून लांब सुस्कारा ऐकू आला.

पाण्याच्या आधी पाईपातली हवा येते. अक्काने तो आवाज माझ्याआधी ओळखला.

"जत्रंचं पानी," ती म्हणाली.

दरवर्षी पौर्णिमेला दुपारी वाटसरूंसाठी जादा पाणी सोडतात. हे आम्हा दोघींना पाठ होते. दारातला रांजण दरवर्षी त्याच पाण्याने दुसऱ्यांदा भरला जातो. सकाळपासून आम्ही हलगी ऐकत होतो. पण ते दुपारचे पाणी आमच्या डोक्यात यात्रेच्या बाजूला होते, नळाच्या बाजूला नव्हते. सुस्काऱ्यामागून तांबूस पाण्याची धार सुटली आणि समोरच्या भिंतीवर आदळली. मी मागे सरले. अक्का पुढे सरली. पाटावर बसल्याबसल्याच तिने तळहाताची मांसल बाजू त्या तोंडावर दाबली आणि दुसरे मनगट त्या हातावर ठेवून अंग लोटले. धार अडली, कडेकडेने चहूकडे फवारे उडत राहिले.

त्याच क्षणी भाचा दारात उभा राहिला. रस्ते अडतील म्हणून तो लवकर निघाला होता.

त्याने पाहिले ते असे: न्हाणी तांबड्या पाण्याने भरलेली, आई चिंब भिजून भिंतीला हात लावून बसलेली, आणि मावशी हातात नळ घेऊन उभी. त्याने बाहेरची चावी कुठे आहे विचारले. ती जाम आहे, हे मी सांगितले. त्याने खिशातून फोन काढला. पंचायतीत सांगून पाणी बंद करायला लावतो म्हणाला.

"ठेव त्यो फोन," अक्का म्हणाली. "रस्त्यावर लोकं तानलेली चालल्यात. माझ्या न्हाणीपायी त्येंचं पानी तोडतोस व्हय रं?"

"मग काय करायचं, आई? असं किती वेळ धरून बसणार?"

अक्का माझ्या हातातल्या नळाकडे पाहत होती. पाणी तिच्या कपाळावरून ओघळत होते.

"त्यो उघड," ती मला म्हणाली. "सताड उघड. आन तसाच बसव. पानी त्येच्यातनं जाऊ दे की. जायाला वाट असली तर त्ये आपल्याला कशाला ढकलंल?"

मी दांडी फिरवून नळ पूर्ण उघडला. इतका साधा विचार होता. बंद नळ धारेसमोर धरला तर पाणी त्याला मागे फेकते. उघडा नळ म्हणजे पाण्याच्या दृष्टीने पाईपचाच पुढचा तुकडा. अक्काने हात काढला. मी नळाचे आटे त्या तोंडाला लावले आणि धार नळातून सुटून बादलीत पडू लागली. माझ्या अंगावर फक्त फवारा येत राहिला.

आटे जुळणे हे मात्र डोळ्यांचे काम नव्हते, कारण पाण्यात काही दिसत नव्हते. अशा वेळी नळ आधी उलट फिरवायचा. उलट फिरवताना आट्यांची तोंडे समोरासमोर आली की हाताला बारीक टक्क जाणवते. तिथून सुलट फिरवायला घ्यायचे. ती टक्क मला जाणवली. नळ चढू लागला. फवारा कमी झाला, मग पाझर, मग तोही थांबला.

आता पाना. अक्का आपणहून पाटावरूनच खालच्या पान्यावर हात टाकून बसली. नळ घट्ट होत आला, तेव्हा त्याचे तोंड एका बाजूला वळलेले होते. पाणी भिंतीच्या कोपऱ्यात पडत होते. ते खाली यायला अजून पाव फेरा हवा होता, आणि पाव फेऱ्याएवढा जोर त्या जुन्या कोपऱ्याला सोसेल की नाही हे मला माहीत नव्हते.

"मावशी, थोडा मागं घ्या ना, होईल सरळ," भाचा म्हणाला.

मी त्याला सांगितले की मागे घेतलेला सांधा गळतो. टेप एकदा दबली की परत फुगत नाही. पुढेच जावे लागेल. तो वाकला आणि म्हणाला की मग पाना माझ्याकडे द्या, मी लावतो जोर.

"तू लांब ऱ्हा," अक्का त्याला म्हणाली. "तुझ्या जोरानं भित घरात यील. तिलाच करू दे. ती दमानं करती."

तो मागे झाला. मी पाना घेतला आणि ज्या जोराने जुना नळ सोडवला होता, त्याच जोराने, तसाच धरून ठेवत, पुढे नेत गेले. तोंड तिरपे झाले, आणखी खाली आले, आणि सरळ बादलीवर थांबले. आतून कोणताही आवाज आला नाही. मी पाना काढला.

"बंद कर," मी अक्काला म्हणाले.

तिने मनगटाने दांडी लोटली. पाणी थांबले. इतका वेळ धारेचा आवाज कानांत होता, तो गेल्यावर बाहेरची हलगी पुन्हा ऐकू येऊ लागली. मी सांधा फडक्याने पुसून वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा त्याभोवती दाबला. बारीक गळती डोळ्याला दिसत नाही, पण कागद ती सांगतो. भाचा गुडघ्यावर बसून त्या कागदाकडे पाहत होता. कागद कोरडा निघाला. त्याने स्वतः दुसरा तुकडा फाडून पुन्हा लावून पाहिला. तोही कोरडा.

मग त्याने ज्या गोष्टीसाठी तो आला होता तीच विचारली, फक्त वेगळ्या शब्दांत. "आई, एकटीनं उघडून, भरून, बंद करून दाखव. आम्ही हात लावणार नाही."

"दाखवायचं काय त्यात? मी सगळी भिजलीया. आता न्हाणारच हाय," अक्का म्हणाली. "समदी भाईर व्हा."

तिने दार लावून घेतले. कडी कोपराने सरकवली, तो आवाज आम्ही ओळखला. भाचा आणि मी स्वयंपाकघरात बसलो. आपण ऐकत आहोत हे आम्ही एकमेकांना दाखवत नव्हतो. पाणी सुरू झाले. बादली भरत आली की तिचा आवाज बदलतो, जाड होतो. तो बदलला, आणि आता बंद व्हायला हवे असे मला वाटले त्याच वेळी तो थांबला. नंतर बादलीत मग बुडाल्याचा आवाज, अंगावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज. बऱ्याच वेळाने पुन्हा नळ सुरू झाला, पुन्हा थांबला. भाच्याने हनुवटी तळव्यावर टेकवली होती. दुसऱ्यांदा नळ बंद झाला तेव्हा त्याने हात खाली घेतला.

मध्येच त्याने विचारले, की पाय घसरला तर, ताप आला तर. मी म्हटले की त्याची काळजी नळाने मिटणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. शेजारच्या घरातली सून हाकेवर आहे, मी तासाभरावर आहे. आणि तरीही काळजी राहणारच. तो मान हलवत राहिला. त्याची पिशवी दाराशी होती. आईचे सामान भरायला त्याने एक मोठी रिकामी बॅग आणली होती, तीही तिथेच होती.

अक्का बाहेर आली ती कोरड्या लुगड्यात, डोक्याला पंचा गुंडाळून. आल्या आल्या तिने रांजण पाहिला का म्हणून विचारले. कोणी पाहिला नव्हता. तिने लेकाला कळशी दाखवली. तो उठला, न्हाणीत गेला, आणि त्याने दांडी बोटांनी न धरता कोपराने लोटून पाहिली. कळश्या भरून भरून त्याने रांजण काठोकाठ भरला. बाहेर सासनकाठी घेऊन थांबलेल्या एका भाविकाला त्याने स्वतः तांब्या दिला.

परत आल्यावर तो उंबऱ्यात बसला. रिकाम्या बॅगेची चेन त्याने ओढून बंद केली.

"आता दिवाळीला बघू," तो म्हणाला.

"दिवाळीला तूच ये, पोरास्नी घिऊन," अक्का म्हणाली. "तुमच्या समद्यांच्या आंगुळीचं पानी मीच काढीन."